निळीच्या बाजूने

बाईंच्या डाव्या दंडाला पट्टा आवळून सिस्टरने दुसरी सुई आत सरकवली, त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरून एक आवाज उजवीकडून डावीकडे गेला.

"तीन सेकंद गायब होते ती. तीन सेकंदांत काय काय करता येतं, कल्पना आहे?"

"आहे ना," डावीकडून उत्तर आलं. "तीन सेकंदांत घण्या एक जांभई देतो."

"देऊ दे. जांभईत तोंड उघडंच असतं. तिथून सुरी आत."

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं.

"यांच्या तोंडाला आवळायचा काही पट्टा नाही का तुमच्याकडे?"

सिस्टर हसली. बाई विनोद करत नव्हत्या.

डायलिसिसच्या त्या लांबट खोलीत नऊ खुर्च्या होत्या. पाचवी बाईंची. चौथ्या खुर्चीवर लिफ्टवाला बसायचा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, पंचेचाळिशीचा, आडव्या अंगाचा आणि तसाच आडवा बोलणारा माणूस. सहाव्या खुर्चीवर फोटोग्राफर. ओळखपत्रांचे फोटो काढण्याचं त्याचं छोटं दुकान होतं. वय जेमतेम तीस, अंगावर मांस म्हणून नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, तिघांचं रक्त तीन यंत्रांतून फिरून परत यायचं आणि तेवढा वेळ हे दोघे बाईंच्या डोक्यावरून भांडायचे. विषय एकच. व्हिडिओ गेममधला घण्या आणि दुसऱ्याच कुठल्याशा व्हिडिओ गेममधली निळी समोरासमोर आले, तर जिंकेल कोण?

खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक होती. ही दोघांनी आपल्या सोयीची केलेली. घण्या म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत चिलखत चढवलेला आणि खांद्यावर घण घेऊन चालणारा एक धिप्पाड गडी. तो पळत नाही, कशालाच चुकवत नाही. निळी म्हणजे निळ्या झग्यातली एक मुलगी. तिच्याकडे दोन सुऱ्या आणि गायब होण्याची कला. एवढं बाईंना आपोआप समजलं होतं. आठवड्याला बारा तास कानावर पडल्यावर भिंतीलाही समजलं असतं.

बाईंनी एकोणचाळीस वर्षं भूमिती शिकवली होती. वाद कशाला म्हणतात हे त्यांना माहीत होतं. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे ते. या दोघांच्या वादात काहीच दिलेलं नव्हतं. घण्याचं चिलखत सकाळी नऊला अभेद्य असायचं, साडेनऊला मानेपाशी सैल व्हायचं आणि दहाच्या सुमारास लिफ्टवाला पुन्हा ते छातीठोकपणे बुजवायचा. बायकामुलं असलेला एक बाप्या आणि दुकान चालवणारा दुसरा. असल्या मुलांना बाईंनी बाकावर उभं केलं असतं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी जागा बदलून मागितली होती.

"रिकामी झाली की देते, बाई," सिस्टर म्हणाली होती आणि तिने नजर दुसरीकडे वळवली होती. इथली खुर्ची कशी रिकामी होते हे विचारायची गरज नव्हती. बाईंनी मागणी परत घेतली नाही, पण पुन्हा बोलूनही दाखवली नाही.

त्या सोबत भूमितीच्या कूटप्रश्नांचं पुस्तक आणि वही आणत. उजवा हात मोकळा असायचा. वर्तुळाला स्पर्शिका काढावी आणि नेमका कुणीतरी घण आपटावा, असं चालायचं.

एकदाच त्या बोलल्या.

"मैदान केवढं आहे?"

दोन्ही माना त्यांच्याकडे वळल्या.

"लढाई कुठे आहे, जागा किती आहे, हे ठरलंय का? नाही. जिंकणं म्हणजे काय? मारणं, पाडणं, की समोरच्याने हार मानणं? तेही नाही. मग आठ महिने तुम्ही नक्की बोलताय कशाबद्दल?"

"बाई बरोबर बोलताहेत," फोटोग्राफर उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "मैदान मोठं असेल तर निळी."

"छोटं असेल तर घण्या," लिफ्टवाला म्हणाला. "बाई, तुम्हीच पंच व्हा."

"मला कामं आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

नंतरच्या एका गुरुवारी जे झालं, त्याने तर त्यांच्या मनातून हे दोघे पार उतरले. दहाच्या सुमारास लिफ्टवाल्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग बीपी कोसळलं. बघता बघता त्याचा रंग ओल्या सिमेंटसारखा झाला, ओठ पांढरे पडले. यंत्र कोकलायला लागलं. टेक्निशियन धावत आला, त्याने खुर्चीची पाठ खाली केली, सिस्टरने सलाइन सोडलं. आणि या सगळ्यात फोटोग्राफर स्वतःच्या खुर्चीवरून जमेल तेवढा पुढे वाकून ओरडत होता.

"हरला म्हण. ए, इकडे बघ. घण्या हरला म्हण."

लिफ्टवाल्याचे डोळे मिटत होते.

"म्हण की. निळी मागून आली, सुरी मानेत, घण्या आडवा. संपलं. कबूल?"

"नाही," लिफ्टवाल्याच्या घशातून आलं.

"ऐकू नाही आलं. कबूल ना?"

"ना... ही."

"अहो, माणसाची काय अवस्था झाली आहे!" बाई कडाडल्या. "लाज वाटत नाही का तुम्हाला?"

"बाई, मध्ये बोलू नका," फोटोग्राफर म्हणाला. त्याने बाईंकडे पाहिलंही नाही. त्याची नजर लिफ्टवाल्याच्या पापण्यांवर खिळलेली होती. "मग कसा वाचेल घण्या, सांग. सांग ना. चिलखताचं सांग."

दहा मिनिटांनी लिफ्टवाल्याच्या तोंडावर माणसाचा रंग परतला. पाणी नाही, बायको नाही, तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "मानेपाशी दुहेरी पत्रा आहे. सुरी घसरते." फोटोग्राफर मागे टेकला. त्याच्या कपाळावरचा घाम टेक्निशियनने पुसला, कारण त्याचा मोकळा हात अजून खुर्चीची कड घट्ट धरून होता.

घरी गेल्यावर बाईंनी पुतणीला हा प्रसंग सांगितला. अविवाहित बाई धाकट्या भावाच्या कुटुंबात राहत. भावाने मागे स्वतःची किडनी देऊ केली होती, तेव्हा "तुझी कुठलीच गोष्ट मी कधी धड चाललेली पाहिली नाही," एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला होता. भाऊ दोन दिवस डोळे पुसत होता. कॉलेजात जाणारी पुतणीच त्यांना सकाळी पोचवायची.

"माणूस मरायला टेकला होता आणि त्यांचं आपलं घण आणि सुरी," बाई म्हणाल्या. "अशांना अक्कल येत नाही. कधीच."



मग एका मंगळवारी सहावी खुर्ची रिकामी होती.

बाईंनी घाईने मान वळवून सिस्टरला शोधलं. असल्या माणसासाठी आपण घाबरावं याचा त्यांना रागही आला. पण सिस्टर लांबूनच हसत येत होती. रविवारी दुपारी फोटोग्राफरला फोन आला होता. किडनी मिळाली होती. ऑपरेशन पार पडलं होतं.

"आणि लघवी भरपूर होतेय!" सिस्टरने खोलीच्या मध्यभागी उभं राहून जाहीर केलं.

नऊ खुर्च्यांच्या त्या खोलीत यापेक्षा मोठी बातमी नव्हती. सगळ्यांनी मोकळ्या हाताने मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. "लेकाचा! गायब झाला बघा, तीन सेकंदांत!" असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलंही. हसणं ओसरल्यावर त्याने मान भिंतीकडे वळवली आणि अकरा वाजेपर्यंत ती इकडे केली नाही.

तो सहा वर्षं किडनीच्या त्याच प्रतीक्षायादीत होता. फोटोग्राफर दोन. रक्तगट वेगळे, यात कुणाचाच काही दोष नव्हता.

सहाव्या खुर्चीवर एक वयस्क गृहस्थ आले. ते सुया टोचताच झोपत आणि सुया काढल्यावर उठत. बाईंना हवी होती तशी शांतता अखेर मिळाली. दोन आठवड्यांत त्यांनी पुस्तकाची चौदा पानं संपवली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की एकाच त्रिकोणाकडे आपण पाऊण तास बघत बसलोय.

लिफ्टवाला आता बोलत नव्हता. येताना त्याचं वजन वाढलेलं असायचं; दोन वेळांच्या मध्ये साडेतीन किलो, चार किलो. म्हणजे तो पाणी पीत होता. इथल्या प्रत्येकाला कपाने मोजून पाणी, आणि हा घागरीने पीत होता. सिस्टर रागावली की म्हणायचा, "पाहुणे आले होते." एका शनिवारी तो आलाच नाही. पुढच्या मंगळवारी सुजलेल्या पायांत चपला अडकवून आला. मग गुरुवार चुकवला. मग शनिवार.

त्या शनिवारी त्याची बायको आली. तिने डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला आवरून घेतलं होतं, जणू कुणाच्या वाटेत येऊ नये. बाईंच्या यंत्राशेजारी उभी राहून ती सिस्टरशी हळू आवाजात बोलत होती.

"कितीही सांगा, उठतच नाहीत. मुलीशीसुद्धा बोलत नाहीत. त्या फोटोवाल्या भाऊंचे रोज फोन येतात, हे उचलत नाहीत. म्हणतात, काय बोलू? एकदा अभिनंदन म्हणून झालं. आता त्याच्यापाशी काय, आणि माझ्यापाशी काय."

"मंगळवारी काही करून आणा," सिस्टर म्हणाली. "आणखी एक चुकली तर फुप्फुसांत पाणी होईल. मग आमच्या हातात काही राहणार नाही."

"आणते," ती म्हणाली. "पण आणून बसवलं तरी... ते नुसते बसतात ना."

बाई वहीत डोकं घालून ऐकत होत्या. परीक्षेला अर्धा तास झाला की कोरा पेपर टेबलावर टाकून तोऱ्यात बाहेर पडणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. चुकीचं लिहिणाऱ्याला त्या शिव्या देत आणि एखादा गुणही देत. कोरं पान ठेवणाऱ्याला त्यांनी कधी काही दिलं नव्हतं. आळशी, भित्रा, पळपुटा, असं त्यांनी मनात एकेक करून म्हणून पाहिलं. एवढं म्हणूनही राग उतरेना.

घरी जाताना त्या पुतणीला म्हणाल्या, "ती निळी म्हणून कुणी आहे, ती तुला ठाऊक आहे?"

"कोण निळी?"

"निळा झगा, दोन सुऱ्या, तीन सेकंद गायब होते."

पुतणी रस्त्यातच थांबली. "आत्या, मी सातवीपासून तो गेम खेळतेय."

"कुठे?"

"आपल्या घरात. तुझ्या शेजारच्या खोलीत."

"मला वाटायचं तू अभ्यास करतेस."

"तसं वाटावं म्हणूनच दार लावायचे ना."

रविवारची सबंध दुपार बाई पुतणीच्या खोलीत लाकडी खुर्चीवर ताठ बसून होत्या. हातात मनगटी घड्याळ, मांडीवर वही. पडद्यावर निळी पुलावरून धावत होती.

"थांब. परत मागे ने. आता पळव."

"आत्या, ही सोळावी वेळ आहे."

"कठड्याला किती खांब आहेत ते मला मोजू दे. शिवाय हा पूल मुळात उभाच राहू शकत नाही. ज्याने हा काढला, त्याला त्रिकोण माहीत नाही."

मग घण्या. तोही पुतणीकडे होता, दुसऱ्या तबकडीत. घण वर जायला किती वेळ, खाली यायला किती, फिरवला तर किती पावलांपर्यंत पोचतो. भाऊ दोनदा दारात डोकावून गेला. दुसऱ्या वेळी त्याने पत्नीलाही बोलावून आणलं. बाईंनी त्या दोघांकडे असं काही पाहिलं की ती दोघं चहा न विचारताच परत फिरली. शेवटी पुतणीने वही ओढून घेऊन स्वतःच्या अक्षरात काही भर घातली आणि म्हणाली, "पण तू हे सगळं करतेयस कशासाठी?"

"चुकीचं बोलणं मला सहन होत नाही," बाई म्हणाल्या.

मंगळवारी लिफ्टवाला आला. आणला गेला. डोळे सुजेमुळे बारीक झालेले, चार पावलं चालला की दम. काट्यावर उभा केला तर साडेपाच किलो जास्त. सिस्टर त्याला नको नको ते बोलली, ते त्याने दुसऱ्या कुणाबद्दल चाललं असावं तसं ऐकून घेतलं. सुया लागल्या, यंत्र फिरायला लागलं. त्याने मान भिंतीकडे केली.

बाईंनी वही उघडली, चष्मा नाकावर नीट बसवला.

"तुमचा घण्या हरतो," त्या म्हणाल्या.

त्यांनी वहीचं पान सारखं केलं.

"ऐकताय का? मी सिद्ध केलंय. पक्ष: पूल बारा पावलं रुंद. घण्या मधोमध उभा. घण फिरवला तर चारी बाजूंना चार पावलांपर्यंत पोचतो. म्हणजे त्याच्याभोवती चार पावलं त्रिज्येचं एक वर्तुळ झालं. निळी वर्तुळाबाहेर उभी. ती सेकंदाला आठ पावलं धावते. साध्य: निळी जिंकते."

सहाव्या खुर्चीवरचे गृहस्थ झोपेतून जागे झाले आणि घाबरून बाईंकडे पाहू लागले.

"सिद्धता. निळी गायब होते. चार पावलं कापायला तिला अर्धा सेकंद लागतो. घण्याला घण उचलायलाच लागतात दोन सेकंद. ती पोचते, वार करते आणि वर्तुळाबाहेर परत जाते, तरी तुमच्या पहिलवानाचा घण अजून हवेतच. तिच्याकडे अजून दोन सेकंद शिल्लक. पाहिजे तर तिने परत यावं. तुमचा तो मित्र मूर्ख होता, पण उत्तर त्याचं बरोबर होतं. कारण त्याला देता आलं नाही, एवढंच."

बाईंनी पेन्सिलीचं टोक पाहिलं. त्यांना वाटलं, वेडेपणाच झाला हा. अडुसष्टाव्या वर्षी.

"मानेपाशी दुहेरी पत्रा आहे," भिंतीकडून आवाज आला.

"मानेवर वार करायला तिला कुणी सांगितलंय? गुडघ्यामागे चिलखत नाही. नसतंच, नाहीतर पाय वाकणार कसा?"

लिफ्टवाल्याने मान वळवली. एवढ्यानेही त्याला धाप लागली.

"दोन सेकंद कुठून काढले?"

"घड्याळ लावून."

"कुठल्या भागात?"

"कुठल्या म्हणजे?"

"अहो बाई, भाग कुठला?" तो कोपरावर रेटून वर सरकला, टेक्निशियनने लांबूनच त्याला हात न हलवण्याची खूण केली. "दोन सेकंद पहिल्या भागात. दुसऱ्या भागात त्याला हलका घण मिळतो. त्या भट्टीतल्या म्हातारीकडून. अर्ध्या सेकंदात उचलतो तो! अर्ध्या! तुम्ही जुना घण्या घेऊन नवीन निळीशी लढवताय. हा काय न्याय झाला?"

"अर्धा सेकंद?"

"मग? ती चार पावलं येणार अर्ध्या सेकंदात, घण उठणार अर्ध्या सेकंदात. आता करा सिद्ध. वर्तुळबिर्तुळ सगळं बाजूला राहिलं." त्याला खोकला आला, पण तो थांबेना. "आणि गायब झाली तरी पावलांचा आवाज येतोच तिच्या. तो आवाज कुठे धरलाय तुम्ही? नाही धरला. तुम्हाला काही कळत नाही, बाई. त्या येड्याला निदान खेळ तरी माहीत होता."

एकोणचाळीस वर्षांत बाईंना असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे कान तापले. त्यांनी पेन्सिल वहीवर आपटून ठेवली.

"आवाज किती पावलांवरून ऐकू येतो?"

"ते बघावं लागेल."

"मग न बघता बोलू नका. आकडा आणा."

"आणतो की. मुलीच्या फोनवर आहे सगळं." तो सिस्टरकडे वळला. "सिस्टर, एक कागद द्या हो. गुरुवारी बाईंची ही भूमिती उलटी टांगतो की नाही बघा."

"आधी पाणी कमी प्या," सिस्टर म्हणाली. "मग टांगा."

तिने औषधांच्या तक्त्याचा एक कोरा कागद त्याच्या मोकळ्या हाताखाली सरकवला. दातांनी पेनाचं टोपण काढून तो लिहायला लागला. अक्षर भयंकर होतं. बाईंना ते पाचव्या खुर्चीवरूनही दिसत होतं आणि त्या मनातल्या मनात त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजत होत्या.

मग त्यांनी आपली वही मिटली. मिटण्याआधी सिद्धतेखालच्या समासावर त्यांनी तळहात ठेवला होता, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. तिथे पुतणीच्या गोल अक्षरात दोनदा अधोरेखित केलेलं होतं: 'दुसऱ्या भागात घण हलका, अर्धा सेकंद. आत्या, हे धरलंस तर निळी जिंकत नाही.'